भिवंडीतील भाड्याची खोली : दुरुस्तीचा पैसा कोणाकडे?

२१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे, सारे झोपेत असताना, धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळली. तीन मजल्यांची ही इमारत १९८४ च्या सुमारास उभी राहिलेली, म्हणजे तिला पुरती चाळीस वर्षेही झालेली नव्हती. बळींची संख्या चाळिसाच्या घरात गेली आणि त्यांत लहान मुले पुष्कळ होती. पुढे जे व्हायचे ते प्रथेप्रमाणे झाले. मंत्री येऊन गेले, मदतीचे आकडे जाहीर झाले, मालकावर गुन्हा दाखल झाला, महापालिकेचे अधिकारी निलंबित झाले. तीन वर्षांच्या आतच, २९ एप्रिल २०२३ रोजी, वळपाड्याच्या वर्धमान कंपाउंडमध्ये खाली गोदाम आणि वर भाडेकरू अशी दुसरी इमारत पडली आणि आठ माणसे गेली. त्याआधी ३१ जुलै २०१६ रोजी गैबीनगरमध्ये हेच घडले होते. दर पावसाळ्याच्या तोंडी धोकादायक इमारतींची यादी निघते, नोटिसा डकवल्या जातात, आणि पाऊस सरला की यादी कपाटात जाते.

ह्या प्रत्येक वेळी अपराधी कोण, असे विचारले गेले. ते विचारलेच पाहिजे. परंतु एक साधा, हिशेबाचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. अशा इमारतींतील खोल्यांचे भाडे तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे दरमहा गोळा होत असते. त्यातले किती रुपये त्या इमारतीच्या खांबांकडे आणि तुळयांकडे परत जातात? आणि जात नसतील, तर ते जातात कोठे? आमच्या मते भिवंडीच्या घरप्रश्नाचे मर्म ह्या प्रश्नात आहे.

भिवंडीत भाड्याने खोल्या देणारा मालक कोण, हे प्रथम पाहू. मुंबईच्या चाळींच्या मालकाचे जे चित्र आपल्या मनात आहे, म्हणजे पेढीवर बसलेला, भाडे वसूल करायला भय्या पाठवणारा धनिक, ते येथे सरसकट लागू पडत नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. गिरण्या थांबल्या, पण कापडाची मागणी थांबली नाही. ते काम यंत्रमागांकडे वळले आणि भिवंडीतील मागांची खडखड वाढली. पूर्व उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलुगू मुलुखातून माणसे येत राहिली. माग वाढले तशी माणसे वाढली, पण घरे मात्र कोणी बांधली नाहीत. कारखानदाराने बांधली नाहीत, नगरपालिकेने बांधली नाहीत, सरकारने तर नाहीतच. मुंबईच्या गिरणी कामगाराच्या वाट्याला निदान बीडीडीच्या चाळी आल्या होत्या. भिवंडीच्या मागवाल्याच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

ही उणीव ज्यांनी भरून काढली ते लहान मालक होते. चार माग विकून जमिनीचा तुकडा घेतलेला कारखानदार, निवृत्तीचे पैसे आलेला शिक्षक, गावठाणालगतची भातजमीन विकण्याऐवजी तिच्यावर स्वतःच खोल्या बांधणारा आगरी शेतकरी, पतीच्या पश्चात दोन खोल्यांच्या भाड्यावर घर चालवणारी विधवा, आणि पंचवीस वर्षे माग चालवून झाल्यावर स्वतःच्या खोलीवर आणखी दोन खोल्या चढवणारा विणकर. त्यांच्या भाडेकरूंत कुटुंबे आहेत, तसेच एकटे आलेले मजूरही आहेत. बारा तासांच्या पाळ्या असल्याने एका खोलीत आठ-दहा जण राहतात. दिवसपाळीवाला उठतो तेव्हा रात्रपाळीवाला त्याच जागेवर अंग टाकतो. जेवण ‘भिसी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खाणावळीत. मजुरी कापडाच्या मीटरवर, म्हणजे माग बंद तर मजुरी बंद. आणि भाडे मात्र महिन्यावर.

ह्या लहान मालकाचा हिशेब आता मांडून पाहू. आकडे आम्ही उदाहरणादाखल घेतले आहेत. वाचकांनी आपल्या वस्तीतील आकडे घालून तो तपासावा.

आठ खोल्यांची एक इमारत. बांधायला वीस लाख रुपये लागले असे धरा. मालकाची स्वतःची पुंजी सहा लाख, त्यात घरातील सोनेही मोडलेले. आठ भाडेकरूंकडून प्रत्येकी पन्नास हजार अनामत, म्हणजे चार लाख. उरलेले दहा लाख कर्जाऊ. खोलीला दरमहा तीन हजार प्रमाणे एकूण भाडे चोवीस हजार. आता हे दहा लाख बँकेकडून नऊ टक्क्यांनी पंधरा वर्षांच्या मुदतीने मिळाले, तर मासिक हप्ता १०,१४३ रुपये होतो. व्याज आणि मुद्दल दोन्ही फिटत जाऊन मालकाच्या हाती १३,८५७ रुपये उरतात. त्यातून घरपट्टी, पाणी, जिन्यातील दिवे, एखादी रिकामी खोली हे सारे भागवून दुरुस्तीसाठी बाजूला टाकण्याजोगे काही राहू शकते.

परंतु बँक मालकाला दारातच उभे करत नाही. ती बिगरशेती परवानगी मागते, मंजूर नकाशा मागते, भोगवट्याचे प्रमाणपत्र मागते. भिवंडीतील आणि भोवतालच्या गावांतील असंख्य इमारतींपाशी ह्यांपैकी काहीच नाही. जमीन नोटरीच्या कागदावर नाहीतर मुखत्यारपत्रावर घेतलेली असते. मग मालक पतपेढीकडे जातो, नातलगांच्या भिशीत पहिला नंबर मागतो आणि शेवटी सावकाराच्या पायरीवर येतो. शेकडा दोन रुपये दरमहा हा दर तेथे फार मानला जात नाही. ह्या दराने दहा लाखांचे नुसते व्याजच महिन्याला वीस हजार होते. मुद्दल जागच्या जागी. चोवीस हजारांतून उरतात चार हजार. एक खोली रिकामी राहिली की उरतो एक हजार. ह्या एका हजारात इमारत कशी सांभाळायची, ह्याचे उत्तर कोणत्याही अर्थशास्त्रात नाही.

तेव्हा मालक काय करतो? घरपट्टी थकवतो. गळणाऱ्या गच्चीवर डांबराऐवजी प्लास्टिकचा कागद पसरतो. खालच्या मजल्यावर माग किंवा गोदाम बसवतो, कारण गोदामवाला खोलीवाल्यापेक्षा अधिक देतो. गच्चीवर मोबाइलचा मनोरा घेतो. आणि अखेरचा उपाय म्हणून, ज्या पायावर दोन मजले उभे आहेत त्यावरच तिसरा चढवतो आणि त्याच्या अनामतीतून जुन्या कर्जाचे मुद्दल फेडू पाहतो. महाग कर्जाचे व्याज प्रथम दुरुस्तीतून वसूल होते, मग पायातून, आणि शेवटी माणसांच्या प्राणांतून. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याच्या शिळफाटा परिसरातील लकी कंपाउंडमध्ये इमारत पडून ७४ माणसे मेली. तिचे बांधकाम पुरे होण्याआधीच खालच्या मजल्यांवर कुटुंबे आणून ठेवलेली होती. तेथे बांधणारे लहान मालक नव्हते, व्यावसायिक बिल्डर होते. परंतु भराभर मजले चढवा, भराभर माणसे भरा आणि त्यांच्या पैशांवर पुढचे बांधा, हा हिशेब तोच होता.

ह्या सगळ्यात भाडेकरूचे स्थान काय? तो केवळ भाडे देणारा नाही. वरच्या उदाहरणातील चार लाखांची अनामत पाहा. हे मालकाला मिळालेले बिनव्याजी कर्जच आहे. सावकाराकडून घेतले असते तर ह्या चार लाखांवर त्याला महिन्याला आठ हजार व्याज पडले असते. म्हणजे प्रत्येक भाडेकरू भाड्याच्या तीन हजारांखेरीज हजार रुपयांचे व्याज मालकाला वाचवून देतो. पुष्कळदा त्या भाडेकरूने स्वतः ते पन्नास हजार गावाकडे शेकडा दोनने उचललेले असतात. खोलीची खरी किंमत त्याला तीन नव्हे, चार हजार पडते. ‘हेवी डिपॉझिट’ नावाच्या प्रकारात तर भाडे जवळजवळ नसतेच. दोन-चार लाख एकदम द्यायचे आणि खोली सोडताना परत घ्यायचे. मालकाने ते पैसे दुसऱ्या इमारतीत घातलेले असतात. मग खोली सोडायची वेळ आली की ‘नवा भाडेकरू आला की देतो’ असे उत्तर मिळते.

ज्याला आपण भाडेकरू म्हणतो तो असा ह्या इमारतीचा एक धनको आहे. बँक पैसे देताना दहा कागद लिहून घेते. हा धनको मात्र पुष्कळदा एकही कागद न घेता आपली वर्षांची कमाई मालकाच्या हाती ठेवतो. त्याच्याकडे ना करार, ना पावती, ना अनामतीची नोंद. इमारत पडली, किंवा पालिकेने रिकामी करवली, तर आपण तेथे राहत होतो एवढे सिद्ध करणेही त्याला जड जाते. पटेल कंपाउंडसारख्या दुर्घटनांनंतर वाचलेल्यांवर दुसरे संकट कोसळते ते हेच.

कायदा ह्या बाबतीत काय म्हणतो, हे आपल्या कार्यकर्त्यांना नीट ठाऊक असले पाहिजे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी जवळजवळ १९४० च्या पातळीवर गोठवली होती. युद्धोत्तर टंचाईत त्या कायद्याने लाखो श्रमिकांना रस्त्यावर येण्यापासून वाचवले, हे विसरता येणार नाही. परंतु पन्नास वर्षे तीच पातळी टिकवल्याने मालकाने दुरुस्ती सोडली, हेही तितकेच खरे. मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये ह्या गोठवणुकीला अवाजवी ठरवले. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. जुन्या भाडेकरूंच्या भाड्यात त्याने वर्षाला चार टक्के वाढ मान्य केली. त्याच कायद्याने पागडीलाही मान्यता दिली. आणि ‘लिव्ह अँड लायसन्स’चा, म्हणजे परवान्यावर जागा देण्याचा मार्ग मालकाला प्रशस्त करून दिला. मुदत संपताच सक्षम प्राधिकाऱ्याकडून ताबा, आणि जागा न सोडल्यास दुप्पट शुल्क, अशी ती सोय आहे. परिणाम असा की गेल्या पंचवीस वर्षांत आलेला नवा रहिवासी कायद्याच्या भाषेत बहुधा भाडेकरू नसतोच, तो परवानाधारक असतो. भाडेकरूचे संरक्षण पुस्तकात राहिले आणि माणसे त्याच्या बाहेर गेली.

तरीही ह्या कायद्यात आपल्या उपयोगाचे जे आहे ते थोडे नाही. करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि ती नोंदणी करवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि कराराच्या अटींविषयी वाद झाल्यास भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ‘अकरा महिन्यांचा करार, म्हणून नोंदणी नको’ हा जो समज सर्वत्र पसरला आहे तो महाराष्ट्रात चुकीचा आहे. भाड्याची पावती देणे मालकाला बंधनकारक आहे. पाणी किंवा वीज तोडून खोली रिकामी करवणे हा गुन्हा आहे. इमारत राहण्याजोगी ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः ती करून वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत खर्च भाड्यातून वळता करू शकतात. इमारत पडली म्हणजे भाडेकरूचा हक्क आपोआप संपतो असे नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला आहे. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्यात राहत्या जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी असे म्हटले आहे, पण तो केवळ नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याखेरीज त्याचा भिवंडीच्या भाडेकरूला काडीचाही उपयोग नाही.

येथे दोन आक्षेप येतील आणि दोन्हींचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे.

पहिला आक्षेप मालकाचा. तो म्हणेल, ‘भाडेकरू सहा महिने भाडे देत नाही, माग बंद असला की हात वर करतो. कोर्टात गेलो तर दहा वर्षे जातात. मला कोण वाचवणार?’ ह्यात तथ्य आहे. नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीत रोखीवर चालणारा भिवंडीचा धंदा ठप्प झाला तेव्हा खोल्यांचे भाडेही थकले. मे २०२० च्या आरंभी भिवंडी रोड स्थानकातून मजुरांना घेऊन गोरखपूरकडे गाडी सुटली, आणि पाठोपाठ वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या झाल्या. त्याआधी एप्रिलमध्ये सरकारने मालकांना तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलण्याची सूचना दिली होती. ती योग्यच होती. परंतु ज्या मालकावर सावकाराचे व्याज चढत होते त्याला सरकारने एक पैचीही सवलत दिली नाही. एका गरिबाच्या खिशातून दुसऱ्या गरिबाला सवलत द्यायची आणि श्रेय आपण घ्यायचे, असे हे धोरण होते.

दुसरा आक्षेप आपल्यातलाच आहे. काही साथी म्हणतील, मालक तो मालक. लहान असो की मोठा, दुसऱ्याच्या श्रमावर तो भाडे खातो. समाजवादी पक्षाने त्याच्या कर्जाची चिंता का वाहावी? आणि काही साथी, जे हे मोठ्याने बोलत नाहीत, स्वतःच दोन-चार खोल्यांचे मालक आहेत. त्यामुळे पावतीचा आणि नोंदणीचा प्रश्न शाखेच्या बैठकीत निघाला की विषय बदलतो. हे आम्ही लिहिले नाही तर दुसरे कोणी लिहिणार नाही, म्हणून लिहीत आहोत.

पहिल्या साथींना आमचे उत्तर असे की मालकाची दया यावी म्हणून हा हिशेब मांडलेला नाही. मालकाचा तोटा आणि भाडेकरूचा तोटा ह्यांना एका पारड्यात तोलता येणार नाही. एक पैसा गमावतो, दुसरा मूल गमावतो. परंतु मालकाला तुरुंगात टाकल्याने तुळई भक्कम होत नाही. ज्या व्यवस्थेत प्रामाणिक मालकालाही दुरुस्ती परवडत नाही, ती व्यवस्था उद्या दुसरा मालक आणून तीच इमारत पुन्हा पाडील. आणि दुसऱ्या साथींना आमचे सांगणे स्पष्ट आहे. ज्याच्या खोलीत भाडेकरू आहे आणि त्या भाडेकरूच्या हाती नोंदणीकृत करार नाही, त्याने घरहक्काच्या मोर्चात बोलण्यापूर्वी आपल्या घरी जाऊन तो करार करावा. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का आहे. आपल्या तत्त्वांची किंमत त्याहून कमी नसावी.

मग दुरुस्तीचा पैसा कोठून यावा? ह्याचे एक उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वी दिले आहे, पण ते केवळ मुंबई शहराच्या बेटापुरते. १९६८ च्या बेडेकर समितीनंतर १९६९ मध्ये कायदा झाला. जुन्या भाड्याच्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसला आणि त्यातून इमारती दुरुस्त करण्यासाठी मंडळ स्थापन झाले. पुढे ते म्हाडात सामील झाले. सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या एकोणीस हजारांहून अधिक इमारती त्याच्या कक्षेत आल्या. ह्या मंडळाचा कारभार आदर्श आहे असे आम्ही म्हणत नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत पडून ३३ जण गेले, हे आमच्यासमोर आहे. परंतु एक तत्त्व त्या कायद्याने मान्य केले. मालक दुरुस्ती करत नसेल किंवा करू शकत नसेल, तर माणसांच्या जिवाची जबाबदारी समाजाची आहे आणि तिच्यासाठी वेगळा, कायमचा निधी हवा. हे तत्त्व कुलाब्यापासून माहीमपर्यंत खरे आणि खाडीपलीकडे खोटे, हे कसे?

भिवंडीसाठी असा दुरुस्ती निधी ही आमची मागणी आहे. त्याची उभारणी अशी होऊ शकेल. प्रत्येक भाड्याच्या इमारतीने भाड्याचा दहावा हिस्सा निधीत भरावा. आपल्या उदाहरणातील इमारतीचे ते महिन्याला २,४०० रुपये होतात, आणि दहा वर्षांत २,८८,००० रुपये, म्हणजे अख्ख्या वर्षाचे भाडे. तेवढीच भर राज्य सरकारने आणि महापालिकेने मिळून घालावी. ज्या मालकाचे उत्पन्न करपात्र आहे त्याला प्राप्तिकर कायदा घरभाड्यातून तीस टक्क्यांची सरसकट वजावट आजही देतो. दुरुस्तीवर रुपया खर्च केला नाही तरी ती मिळते. मोठ्या मालकांना दुरुस्तीच्या नावाने सवलत देणारे राज्य लहान इमारतीच्या प्रत्यक्ष दुरुस्तीसाठी पैसा नाही असे म्हणू शकत नाही. आणि काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोलीच्या पट्ट्यात जी प्रचंड गोदामे उभी आहेत त्यांनाही ह्यात वाटा उचलायला लावले पाहिजे. त्यांचे हमाल आणि माथाडी राहतात शहराच्या खोल्यांत, त्यांचा कर मात्र बहुतांशी शहराच्या तिजोरीत येत नाही. ज्याला श्रम हवे आहेत त्याने श्रमिकाच्या छपराचाही भार सोसला पाहिजे. व्हिएन्नाच्या समाजवादी नगरपालिकेने १९२३ पासून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे बांधली ती श्रीमंतांच्या घरांवर आणि चैनीवर चढता कर बसवूनच. आम्ही येथे घरे बांधून मागत नाही, असलेली पडू देऊ नका एवढेच म्हणतो.

ह्याच्या जोडीला स्वस्त कर्ज हवे. सहकारी बँकांनी आणि पतपेढ्यांनी दुरुस्तीसाठी बँकेच्या दराने कर्ज द्यावे, आणि त्याला तारण नोंदणीकृत भाडेकरारांचे असावे. मालकाच्या लक्षात हे आणून दिले पाहिजे की जो करार त्याला बेडी वाटतो तोच त्याचे उत्पन्न सिद्ध करणारा एकमेव कागद आहे. सावकाराच्या दारातून त्याला बाहेर काढणारी वाट भाडेकरूच्या पावतीवरून जाते. मात्र एक अट सोडता येणार नाही. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचना तपासणी कायद्याने सांगितली आहे, ती प्रथम झाली पाहिजे आणि तिचा अहवाल इमारतीच्या दारावर मराठी, हिंदी, उर्दू आणि तेलुगूत लागला पाहिजे. जी इमारत वाचूच शकत नाही ती गेलीच पाहिजे. परंतु ती रिकामी करण्यापूर्वी प्रत्येक रहिवाशाचे नाव, खोलीचे मोजमाप आणि अनामतीची रक्कम पालिकेच्या वहीत नोंदवली गेली पाहिजे, आणि संक्रमणाची जागा आधी दाखवली गेली पाहिजे. माणसे नोटीस मिळूनही इमारत सोडत नाहीत, ह्याला अडाणीपणा म्हणणे हा अन्याय आहे. सोडली की हक्क गेला आणि अनामतही गेली, हे ती अनुभवाने शिकली आहेत.

समूह पुनर्विकासाच्या मोठ्या योजना आता पुढे येतील. त्यांना सरसकट विरोध करण्याचे कारण नाही. परंतु त्या योजनांत घर मिळते ते मालकाला किंवा जुन्या भाडेकरूला. परवान्यावर राहणारा मागवाला, आठ जणांच्या खोलीतला हमाल, ह्यांचे नाव कोणत्याच यादीत नसते. २०२० साली केंद्राने स्थलांतरित कामगारांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरसंकुलांची योजना जाहीर केली ती टाळेबंदीतील पायपिटीनंतर. मागाच्या गावांत अशी सार्वजनिक भाड्याची घरे उभी करवून घेणे हे दीर्घ पल्ल्याचे काम आहे, आणि ते आपण सोडणार नाही. पण तोपर्यंत जी खोली आहे ती उभी राहिली पाहिजे.

ह्या कामाला भिवंडीत एक पूर्वपरंपरा आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे गाव होरपळले. त्यानंतर १९८८ च्या सुमारास पोलीस अधिकारी सुरेश खोपडे ह्यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे, कारखानदार आणि मजूर, नियमित एकत्र बसू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. जे गाव एकमेकांवरचा अविश्वास बाजूला ठेवून शांतता राखू शकले, ते गाव इमारतीची वही राखू शकणार नाही असे आम्हांला वाटत नाही. शिवाय, धर्म पाहून खोली देण्याची आणि नाकारण्याची जी रीत दंगलींनी पक्की केली तिलाही अशा कामानेच तडा जाईल. छत गळते तेव्हा ते कोणाच्या डोक्यावर गळायचे हे विचारून गळत नाही.

म्हणून प्रत्येक शाखेने आपल्या हद्दीतील एक कंपाउंड निवडावे. तेथे मालक आणि भाडेकरू ह्यांची समिती करावी, आणि त्यात भाडेकरूंची संख्या अधिक असावी, बायका असाव्यात. पहिल्या महिन्यात एकच वही तयार करावी. खोली, रहिवासी, भाडे, अनामत, इमारतीचे वय, भेगा कोठे आहेत, गळती कोठे आहे. दुसऱ्या महिन्यात पावत्या सुरू कराव्यात. तिसऱ्या महिन्यात नोंदणी. जो मालक ह्याला तयार होईल त्याच्या कर्जासाठी आणि दुरुस्तीच्या निधीसाठी शाखेने महापालिकेच्या आणि बँकेच्या दारात त्याच्याबरोबर उभे राहावे. जो तयार होणार नाही त्याच्याविरुद्ध कायद्याने दिलेले प्रत्येक कलम वापरावे, मग तो आपला देणगीदार असला तरीही.

हे काम मोर्चासारखे दिसणारे नाही. वही घेऊन जिने चढायचे, एकाच खोलीत दोन पाळ्यांच्या वेळी दोनदा जायचे, मालकाचे टोमणे आणि भाडेकरूचा संशय दोन्ही सोसायचे. परंतु पुढचा पावसाळा आपल्या सवडीने येणार नाही. तो येईल त्या दिवशी यादीत किती इमारती आहेत हे सरकार सांगेलच. त्या इमारतींत माणसे किती आहेत, त्यांची नावे काय आणि त्यांचे पैसे कोणाकडे आहेत, हे सांगणारी वही आपल्या शाखेत असली पाहिजे.